आत्याचे गुडघे

"वाकल्या गं बाई, शेवटी वाकल्या."

हे कोण बोललं ते मला दिसलं नाही. आत बायका तुला आंघोळ घालत होत्या आणि मी बाहेर ओट्यावर बसून तुझ्या कफनासाठी मांजरपाट फाडत होते. कात्री तुझ्या पेटीत असणार, पण पेटी आत होती आणि आत जायचा मला धीर नव्हता. म्हणून दाताने सुरुवात करून हाताने फाडत होते. कापड फाटताना आवाज होतो, त्यामुळे आतलं बोलणं अर्धवटच ऐकू येत होतं. हे वाक्य मात्र पुरतं ऐकू आलं.

"मेल्या मानसाला बोलू न्हाई," दुसरी म्हणाली.

"वाईट कुटं बोलले? चांगलंच झालं म्हनते. सोर्गाचं दार बुटकं निघालं असतं तर ह्या बाहेरच ऱ्हायल्या असत्या."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. मग शेजारच्या सालूबाईचा आवाज आला. "गरम पानी आना. आन गप ऱ्हावा जरा."

तुझे गुडघे सरळ होत नव्हते. पुरायची पेटी सुताराने लांबीला नेमकी केली होती, आणि तू त्या पेटीत बसशील अशी राहिली नव्हतीस. सालूबाई गरम तेल लावून गुडघे चोळत होती आणि हट्टी पोराशी बोलावं तशी तुझ्याशी बोलत होती. "बाई, सोडा आता. किती येळ धरायचं? सोडा की वो." बराच वेळ असं चाललं होतं. तू सोडलंस हे मला तिच्या रडण्यावरून कळलं.

ते वाक्य मला फार लागलं, आत्या. ज्या बाईने ते म्हटलं तिच्यावर मला रागावता मात्र आलं नाही. कारण त्याच सकाळी मीही तेच म्हणाले होते. मनात, आणि आनंदाने.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

सुट्टी लागली तशी मी पुण्याहून नगरला आले आणि तिथून पहिल्या मोटारीने निघाले. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. करंजीच्या घाटात तिने दम सोडला. सगळ्यांना खाली उतरवलं, पुरुषांनी ढकललं, आम्ही बायका मागून चालत गेलो. तिसगावला उतरून आपल्या गावाची वाट धरली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सालूबाई विहिरीवर भेटली. म्हणाली, "बाई भेटल्या न्हाईत का वाटेत? सकाळधरनं दिसल्या न्हाईत. मला वाटलं तुमाला सामोऱ्या गेल्या."

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं, आणि तू दिसलीस. पाठमोरी. बाजेपाशी गुडघ्यांवर. कपाळ बाजेच्या कडेला टेकलेलं, दोन्ही हात पुढे गोधडीवर पसरलेले, पदर डोक्यावरून घेतलेला.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की प्रार्थना करणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही. मी चपला हळूच काढल्या. पिशवीत तुझ्यासाठी आणलेल्या काचेच्या बरण्या होत्या, त्या वाजतील म्हणून पिशवी हातातच धरून ठेवली. तू, जी चर्चच्या साऱ्या मंडळीसमोर कधी गुडघे टेकवत नव्हतीस, ती घरात एकटी असताना गुडघ्यांवर होतीस. मला काय वाटलं सांगू? मी जिंकले असं वाटलं. इतक्या वर्षांचा आपला वाद होता आणि शेवटी माझं म्हणणं तुला पटलं, फक्त ते मला सांगायला तू लाजत होतीस. वाकली शेवटी, असं मी मनात म्हणाले. मग पिशवी अलगद खाली ठेवून मी उंबऱ्याच्या आत, तुझ्या मागेच गुडघे टेकले. आपण दोघी एकत्र अशा कधी बसलो नव्हतो. मी देवाचे आभार मानले.

माझी प्रार्थना संपली. तुझी संपेना. तुझी प्रार्थना लांबच असायची, म्हणून मी वाट पाहिली. मग तुझ्या मानेवर एक माशी बसली. ती कानामागे चालत गेली, परत आली. तू हाकलली नाहीस.

त्या क्षणापासून मला प्रार्थना करता येत नाही. हे शब्द लिहायला सोपे आहेत, जगायला सोपे नाहीत. मी गुडघे टेकते तेव्हा समोर तुझी पाठ दिसते आणि आभार मानत बसलेली मी दिसते. उभी राहते तर ढोंग केल्यासारखं वाटतं, तुझा पदर चोरून घेतल्यासारखं. बाजेवर पडून डोळे मिटते तर वाटतं, मी आजारी आहे की काय. देवासमोर जाताना या शरीराचं काय करायचं तेच मला कळेनासं झालं आहे. आणि ज्या एका माणसाला विचारता आलं असतं ते तूच आहेस.

मला पुण्याच्या इंग्रजी शाळेत तूच धाडलंस. आईवडिलांमागे मला वाढवायला तू एकटी होतीस. बायबलबाईच्या पगारात गावोगाव पायी फिरून बायकांना वाचायला शिकवायचीस, आणि मिशनच्या मडमसाहेबांच्या मागे लागून माझी सोय केलीस. मी जायला निघाले तेव्हा रडत होते. तू माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध बोट टेकवून म्हणालीस, "पाठ सरळ. मान वर. बाकीचं तिथं शिकवतील." मी लाजरी. माणूस समोर आलं की माझी मान आपोआप खाली जाते. अजूनही जाते. तुझं बोट किती वेळा माझ्या पाठीला लागलं असेल!

पहिल्या सुट्टीत मी तुला एक नवीन गोष्ट करून दाखवली होती. बक्षीस समारंभाला एका मोठ्या साहेबांच्या मडम आल्या होत्या, त्यांच्यासाठी आम्हाला ती शिकवली होती. एक पाय मागे न्यायचा, झग्याची टोकं चिमटीत धरायची, गुडघा लववायचा, नजर खाली. बाईंनी वर्गात माझं कौतुक केलं होतं. तू भाकरी थापत होतीस. मी चुलीपुढे उभी राहून केलं.

"परत कर," तू म्हणालीस.

मी परत केलं.

"आजून एकदा."

मला वाटलं तुला आवडलं. मी आणखी खाली वाकून केलं. तू पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहत होतीस. "ह्यात आन जोहारात फरक काय गं, रूथ?" तू विचारलंस. "जोहार शिकायला तुला पुन्याला धाडायला नको हुतं. ते इथं फुकट शिकवत्यात."

रागावल्यावर तुझी भाषा अशी आपल्या गल्लीत परतायची. मी रुसले. दोन घास खाल्ले आणि उठले. तेव्हा मला जोहार म्हणजे आपल्या लोकांनी पाटलासमोर वाकून घालायचा नमस्कार एवढंच माहीत होतं. तुला काय माहीत होतं ते तू फार नंतर सांगितलंस, तेही एकदाच, दळण निवडताना, माझ्याकडे न बघता.

आजोबा, म्हणजे तुझे वडील, येसकर होते, गावाच्या वेशीवरचं काम त्यांच्याकडे. तू लहान होतीस, तापाने फणफणलेली. तुला खांद्यावर टाकून ते मिशनच्या दवाखान्याकडे निघाले होते. वाटेत पाटलांचा भाऊ घोड्यावरून आला. आजोबा बाजूला झाले, मान लववली, पण वाकले नाहीत. खाली वाकले असते तर तू पडली असतीस. संध्याकाळी परत येताना त्यांना चावडीवर बोलावलं. दुसऱ्या दिवशी उन्हात ओणवं उभं करून पाठीवर दगड ठेवला. तुला लिंबाखाली बसवलं होतं, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं.

"माझ्यामुळं तो ताठ ऱ्हायला," तू म्हणालीस, "आन माझ्यामुळंच त्याला वाकवला." मग तू सुपातले खडे वेचून बाहेर टाकलेस आणि म्हणालीस, "ज्वारीत माती लई हाय अवंदा."

पुढे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. तू शिकलीस. तुझे गुडघे मात्र त्या लिंबाखालीच ठरून गेले होते.

हे कळल्यावर तरी मी वाद सोडायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण तूच मला सोडू द्यायची नाहीस. "बोल, शिकलीस ना? बोल की," असं म्हणून डिवचायचीस. दुसऱ्या कुणाशी मी इतकं बोलत नाही. घराबाहेर माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, आणि तुझ्यासमोर मी वकिलासारखी बोलायचे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

मी म्हणायचे, आमच्या शाळेचे पाद्री, चॅप्लेन, सांगतात की शास्त्राच्या मूळ भाषेत भक्ती करणे या शब्दाचा अर्थच जमिनीपर्यंत लवणे असा आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो या, आपण गुडघे टेकू. शलमोन राजा असून मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी गुडघ्यांवर होता. वाकल्याशिवाय भक्ती होतच नाही.

तू म्हणायचीस, "आन अब्राहाम हेथाच्या लोकांपुढं वाकला ते? ती काय भक्ती व्हय? बायको मेली, तिला पुरायला वावराचा तुकडा पायजे हुता, म्हनून जमिनीच्या मालकांपुढं वाकला. शास्त्रात भक्तीबी हाय आन जोहारबी हाय. कुठला कुठला ते आधी बघ."

मी म्हणायचे, दानीएल. तुझी आवडती ती तीन तरुण माणसं सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकली नाहीत, म्हणून भट्टीत गेली. पण त्याच पुस्तकात दानीएल खिडकी उघडी ठेवून रोज गुडघे टेकतो, आणि त्यासाठी सिंहांच्या गुहेत जातो. न वाकणारे आणि वाकणारा, दोघांनाही देवाने वाचवलं.

  यावर तू उठून आपल्या खोलीची खिडकी उघडलीस. "त्याची खिडकी यरुशलेमकडं उघडत हुती," तू म्हणालीस. "माझी बघ कुठं उघडती." समोर पांदीपलीकडे चावडीचा ओटा दिसत होता. तिथे चार माणसं पान खात बसली होती आणि ती आपल्याकडेच बघत होती.

तरी माझ्या गुडघे टेकण्याला तू कधी नावं ठेवली नाहीस. मी सुट्टीत आले की माझ्या बाजेशेजारी एक घडी केलेलं गोणपाट पडलेलं असायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीत खडे वर येतात, ते मला टोचू नयेत म्हणून. स्वतः उभी राहून प्रार्थना करायचीस, आणि माझ्या गुडघ्यांखाली गोणपाट घालायचीस. असं प्रेम मला पुन्हा कोण करणार आहे?

नवे पाळकसाहेब आले आणि आपल्या घरातला वाद चर्चमध्ये गेला. आधी आपल्याकडे सगळे मांडी घालून बसून डोळे मिटायचे. पाळकसाहेब आपल्यातलेच, मनाने चांगले, पण त्यांना नीटनेटकेपणाची आवड. देवापुढे कसंही बसलेलं त्यांना बघवत नसे. त्यांनी गुडघे टेकायचा रिवाज घातला. मंडळीने तो आनंदाने घेतला. तू मात्र मागच्या भिंतीपाशी उभी राहिलीस. पुढे सालूबाई तुझ्या शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघीतिघी, ज्यांना तू पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होतीस आणि त्या कुबड्या बाईची गोष्ट सांगितली होतीस. तुझी ती सर्वांत लाडकी गोष्ट. कित्येक वर्षं वाकलेली बाई सभास्थानात येते, येशू तिला बोलावतो, हात ठेवतो, आणि ती सरळ होते. "सरळ झाल्यावर तिनं काय केलं?" तू विचारायचीस. बायका म्हणायच्या, "देवाचं गौरव केलं." "बसून का उभं राहून?" "उभं राहून!" असा गलका व्हायचा, आणि तू हसायचीस.

चर्चच्या पंचांनी तुला बोलावलं तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीवर होते, दारापाशी बसून ऐकत होते. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, राजासमोर माणूस ताठ उभा राहतो का?"

"माझं नाव एस्तेर आहे, पाळकसाहेब," तू अगदी शुद्ध भाषेत म्हणालीस. "ती राजासमोर उभीच राहिली होती. त्यानं राजदंड पुढं केला. आणि तिला वाढवणारा मर्दखय राजाच्या प्रधानापुढं, हामानापुढं वाकला नाही."

"आणि पुढे ती राजाच्या पाया पडली, रडली, तेही वाचा."

पंच हसले. तूही हसलीस. "व्हय, पडली," तू म्हणालीस. "आपल्या लोकांसाठी पडली. सोतासाठी न्हाई."

तरी निर्णय व्हायचा तो झाला. गुडघे न टेकणाऱ्यांना प्रभुभोजन मिळणार नाही. भाकरीचं ताट तुमच्या रांगेपर्यंत यायचं आणि तिथून परत फिरायचं. मी पुढच्या रांगेत गुडघ्यांवर असायचे, आणि तो घास माझ्या तोंडात कोरडा पडायचा. तू कधी डोळे पुसले नाहीस. सालूबाई पुसायची. तिचा नवरा तिला घरी बोलायचा, "ती बाई एकटी हाय, तिला काय? तू माझ्या पोरांना भाकरीपास्नं तोडतीस."

आपलं शेवटचं भांडण नाताळात झालं. मी म्हणाले, मग येशू बागेत जमिनीवर पडला ते? पकडायला यायच्या आधी, घाम गळत असताना, तो पालथा पडून प्रार्थना करत होता. देवाचा पुत्र पडला, आणि एस्तेरबाई उभ्या राहणार?

मी हे फार टोचून म्हणाले. तू कंदिलाची काच पुसत होतीस. काच उजेडाला धरून बघितलीस, परत पुसलीस.

"त्याला कुनी पाडलं न्हवतं, रूथ," तू म्हणालीस. "तो आपनहून पडला. आपनहून पडायचं तर आदी उभं ऱ्हाता आलं पायजे. आमच्यातल्या बायकांना आजून उभं ऱ्हाता येत न्हाई. मी त्यांना तेवढं शिकवती. पुढचं तुमी शिकवा."

"आणि तू? तुला तर उभं राहता येतं. तू कधी पडणार?"

तू काच कंदिलावर बसवलीस. "बघू," म्हणालीस.

बघू! या एका शब्दाने माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. त्या सकाळी तू ते बघितलंस का, आत्या? मला येताना बघण्याआधी, एकटी असताना, खिडकी बंद करून, आपणहून? की छातीत कळ आली आणि तुला उभं राहता आलं नाही, एवढंच? तू कुणाला हाक मारलीस? देवाला की सालूबाईला? की मला? मी करंजीच्या घाटात मोटारीमागून चालत होते तेव्हा?

आणखी एक गोष्ट आहे. माशी पाहिल्यावर मी तुझ्या खांद्याला हात लावला, तू थंड होतीस. मी ओरडले की नाही आठवत नाही. बाजेखाली तांब्या कलंडलेला होता. पाणी वाहून सारवलेल्या जमिनीवर गडद डाग पडला होता, आणि डागाच्या कडा वाळायला लागल्या होत्या. मी तांब्या उचलून सरळ ठेवला. का ठेवला? घरात माणसं येणार म्हणून. तूच शिकवलेलं, माणसं यायच्या आधी घर आवरायचं. मग दारात जाऊन सालूबाईला हाक मारली, आणि तिच्यामागे आख्खी आळी आली. त्यांनी तुला गुडघ्यांवर पाहिलं. तांब्या फक्त मी पाहिला.

म्हणजे तू पाण्यासाठीही वाकली असशील. उन्हाळ्याची सकाळ, घसा कोरडा, तांब्या हातातून निसटला, तो घ्यायला खाली झालीस. किंवा प्रार्थना करताना हात लागून तो आधीच पडला असेल. मी तुझ्या खोलीत बसून ते परत परत करून पाहिलं. बाजेशी गुडघे टेकले, हात लांब केला. हात तांब्यापर्यंत पोचतो. प्रार्थनेला पसरतात त्या हातांसारखाच दिसतो. पाठीमागून पाहिलं की सगळं वाकणं सारखंच, आत्या. भक्ती, जोहार, दुखणं, तहान. मला एवढी वर्षं शिकवलेलं काहीच तिथे उपयोगी पडलं नाही.

तुला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "मुली," ते म्हणाले, "मी बाईंसाठी किती प्रार्थना केली ते प्रभूला ठाऊक. त्याने ऐकलं. मंडळीत फूट पडली होती, ती त्याने त्यांच्याच हातून सांधली. रविवारी स्मरणाची उपासना ठेवू. तू पाहिलंस ते दोन वाक्यांत सांग. बाकी मी बोलेन."

मी मान खाली घातली. माझी मान कशी खाली जाते ते तुला माहीत आहे. त्यांना तो होकार वाटला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

ते गेल्यावर सालूबाई मागच्या दाराने आली. सुपात चार भाकऱ्या आणि कांद्याची चटणी. माझ्यापुढे ठेवून बसली, आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"रूथबाई, येक विचारू? बाईंनी गुडघं टेकलं हुतं का पडल्या हुत्या?"

मी सूप जरा जवळ ओढलं.

"न्हाई, मला आपलं वाटलं. आमी त्यांच्या भरवशावर उभ्या ऱ्हायलो. घरच्यांचं बोलनं खाल्लं. भाकरी सोडली. आन त्या जर का घरात गुपचूप टेकत असतील, तर..." तिने डोळे पुसले. "तर न्हाई म्हनत न्हाई मी. मोठ्या हुत्या त्या. पर मग आमाला का उभं केलं? सांगा की. तुमी शिकलेल्या. आमी काय करायचं रविवारी?"

हा प्रश्न मी तुला विचारायला हवा, आणि ती मला विचारत होती. मी म्हणाले, "सालूबाई, भाकरी गरम आहे."  ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. हो म्हणाले असते तर मंडळी एक झाली असती, सालूबाईला भाकरी मिळाली असती, आणि आपला वाद मी जिंकले असते. तू हरली असतीस एवढंच. आणि मेलेल्या माणसाला हरवणं किती सोपं असतं! त्याचे गुडघे कुणीही वाकवावेत, कुणीही सरळ करावेत. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? तू खरंच आपणहून पडली असशील, तुझ्या आयुष्यातली ती एकुलती एक, अगदी तुझी स्वतःची प्रार्थना असेल, आणि मी तिला तांब्याची गोष्ट करून टाकेन. दोन्हीकडून मीच तुला मारणार होते. मी देवाला म्हणाले, तू तिथे होतास ना? मग तू सांग. त्याने काही सांगितलं नाही. मी बाजेवर उशीत तोंड खुपसून पडले होते, आणि ती प्रार्थना होती की नव्हती ते मला माहीत नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. वळचणीलासुद्धा माणसं होती. मी पुढे, माझ्या नेहमीच्या जागी. पाळकसाहेब चांगलं बोलले. तुझ्या पायी फिरण्याबद्दल, तू शिकवलेल्या बायकांबद्दल. मग त्यांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, आपल्या एस्तेरबाईंनी जे आयुष्यभर केलं नाही ते त्यांनी शेवटच्या श्वासाला केलं. त्यांच्या भाचीने ते डोळ्यांनी पाहिलं. ती लाजरी आहे, तिच्या वतीने मीच सांगतो. आता आपण सगळे, एकही जण न उरता, बाईंच्या स्मरणार्थ गुडघे टेकू.

सगळे खाली झाले. लुगड्यांची आणि धोतरांची सळसळ झाली. मी मागे वळून पाहिलं. भिंतीपाशी तुझ्या बायका अजून उभ्या होत्या, आणि तुझी जागा मधे मोकळी होती. त्यांनी ती मोकळी ठेवली होती. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सालूबाईने भिंतीला हात धरला होता आणि ती हळूहळू खाली सरकत होती. तिच्या तोंडावर भक्ती नव्हती, आत्या. चावडीवर बोलावलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मी आजोबांना कधी पाहिलं नाही, पण मला ते दिसले.

मी उठून उभी राहिले.  पाळकसाहेबांनी डोळे उघडले, मी साक्ष द्यायला उठले असं वाटून त्यांनी हाताने खूण केली, बोल. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोला, बाय."  माझा आवाज फुटला, आणि तो एवढा मोठा होता की मलाच ओळखू आला नाही.

मी म्हणाले, "आत्या गुडघ्यांवर होती, हे खरं आहे. पण मी तिला पाठीमागून पाहिलं. बाजेखाली पाण्याचा तांब्या कलंडला होता, तो मी कुणी यायच्या आत उचलला. ती देवापुढे वाकली की पाण्यासाठी वाकली, मला माहीत नाही, आणि इथे कुणालाच माहीत नाही. ती जिवंत होती तेव्हा तुम्ही तिला विचारलंत, आणि तिने तुम्हाला उभं राहून उत्तर दिलं. सालूबाई, तुम्हाला टेकायचे असतील तर टेका, नसतील तर उभ्या राहा. पण तिच्यामुळे नको. तिचे गुडघे तिचे तिलाच राहू द्या."